आशियातली बंदरं आणि लांबची क्रूझ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिनाभराच्या, दोन महिन्यांच्या, कधी शंभर दिवसांच्याही क्रूझवर निघणारे लोक साधारण हेच प्रश्न विचारतात. केबिन कोणती घ्यावी, जेवण कसं असतं, हे इथे नाही. जहाज आशियातल्या एखाद्या धक्क्याला लागलं की त्या दिवसाचं काय करायचं, एवढाच इथला विषय आहे. तिकिटाचे पैसे भरायच्या आधी पहिले दोन प्रश्न तरी वाचाच.

वेळापत्रकात 'बँकॉक' छापलंय. म्हणजे जहाज बँकॉकलाच थांबणार ना?

बहुतेक वेळा नाही. मोठी जहाजं लाएम चाबांगला लागतात आणि तिथून बँकॉक सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. रस्त्यानं एका बाजूचे दोन तास धरा, शहराच्या तोंडाशी वाहतूक तुंबली तर जास्तच. चाओ फ्राया नदीतून थेट शहरातल्या ख्लोंग तोएईच्या धक्क्यापर्यंत फक्त लहान जहाजं जाऊ शकतात.

हे एकट्या बँकॉकचं नाही. 'हो ची मिन्ह सिटी' म्हणजे बहुधा फू मी, शहरापासून पावणेदोन-दोन तास. 'बीजिंग' म्हणजे थ्येनचिन, तिथून अडीच ते तीन तास. 'सोल' म्हणजे इंचॉन. 'क्वालालंपूर' म्हणजे पोर्ट क्लांग, तासाभराच्या वर. 'क्योतो' म्हणजे कोबे किंवा ओसाका. 'तैपेई' म्हणजे कीलुंग. 'ह्वे / दा नांग' असं लिहिलेलं असेल तर नीट विचारून घ्या, कारण तिथे दोन शक्यता असतात. तिएन सा असेल तर दा नांग शहर अगदी जवळ पडतं. चान मे असेल तर तुम्ही ह्वे आणि दा नांगच्या मध्ये कुठेतरी उतरता आणि दोन्हींकडे जायला तासाच्या आसपास लागतो.

यात फसवणूक नाही, भूगोल आहे. जुनी शहरं नदीकाठी, थोडी आत वसली, कारण तेव्हाच्या गलबतांना तेवढं पाणी पुरत होतं. आजच्या जहाजांना खोल पाणी लागतं आणि वर पुलाखालची उंचीही लागते. शांघायमध्ये ह्वांगपू नदीवरचा यांगपू पूल मोठ्या जहाजांना आडवा येतो, म्हणून ती शहराबाहेर, नदी यांगत्सेला मिळते तिथल्या वुसोंगखौच्या टर्मिनलवर थांबतात. योकोहामाचा बे ब्रिज पाण्यापासून ५५ मीटर उंच आहे. त्याखालून जाणारं जहाज शहराच्या मधोमध ओसानबाशीच्या धक्क्याला लागतं, न जाणारं पुलाच्या बाहेरच राहतं. तेव्हा शहराचं नाव वाचून हुरळून जाऊ नका. धक्क्याचं नाव विचारा, ते नकाशावर शोधा आणि मगच पुढचं ठरवा.

मग इतक्या लांबच्या शहरात जावं की जाऊच नये?

आधी तास मोजा. जहाज सकाळी ८ ला लागतं आणि संध्याकाळी ६ ला सुटतं, असं धरू. बंदराच्या अधिकाऱ्यांची तपासणी होऊन खाली उतरेपर्यंत ९ वाजतात. साडेपाचला सगळे आत हवेत, म्हणजे शहाण्या माणसानं साडेचारला परत यायचं. हातात उरले साडेसात तास. त्यातले चार रस्त्यात गेले तर राहिले साडेतीन, आणि त्यातच जेवण, तहान आणि स्वच्छतागृहाची रांग. एवढ्या वेळात एक जागा नीट बघून होते. दोन बघायला गेलात तर दोन्हींचे फोटो तेवढे राहतात.

माझा कौल असा. लाएम चाबांगहून बँकॉकला जावं, पण राजवाडा आणि नदी एवढंच ठरवून. चान मेहून ह्वे किंवा होई आन, दोन्ही नाही. इंडोनेशियातल्या समारंगहून बोरोबुदूरला रस्त्यानं अडीच-तीन तास लागतात, तरी जावं. नवव्या शतकातल्या त्या स्तूपाच्या चौथऱ्यांवरून, कोरलेल्या भिंतींच्या कडेनं प्रदक्षिणा घालत वर चढण्यासारखं जवळपासच्या कुठल्याच बंदरात काही नाही.

उलट हा लाँगला जहाज लागलेलं असताना हनोईला धावू नका. समोर सुमारे १,६०० बेटांची खाडी पसरलेली आहे, तिच्यासाठीच तर जहाज तिथे येतं. कोलंबोहून एका दिवसात कँडी करणं म्हणजे दिवसभर बसच्या खिडकीतून डोंगर बघणं. थ्येनचिनहून बीजिंग आणि चीनची भिंत एका दिवसात करण्याचा विचारही नको. जहाज तिथे रात्री मुक्कामाला असेल तर गोष्ट वेगळी.

गँगवे (जहाजाची शिडी) उतरलं की थेट शहरात, अशी बंदरं कोणती?

आहेत, आणि लांबच्या क्रूझवर मला सर्वात जास्त आनंद त्यांनीच दिला आहे.

मलेशियातल्या पेनांगचं नाव पहिलं घेते. जहाज स्वेटनहॅम पिअरला लागतं आणि पिअरच्या तोंडाशीच जॉर्जटाउनचं जुनं गाव सुरू होतं. १७८६ साली इंग्रज कप्तान फ्रान्सिस लाइट इथे उतरला आणि ईस्ट इंडिया कंपनीचं ठाणं उभं राहिलं. व्यापार वाढला तसे चिनी, तमिळ, गुजराती, अरब, आचेनी, सगळे इथे येऊन राहिले. म्हणून पंधरा मिनिटांच्या चालण्यात सेंट जॉर्ज चर्च, दयादेवी क्वान यिनचं देऊळ, श्री महामारिअम्मनचं कोविल आणि कपितान केलिंग मशीद ओळीनं भेटतात. पुढे पाण्यावर खांब रोवून बांधलेल्या चिनी कुळांच्या वस्त्या आहेत. एकेका आडनावाची एकेक जेटी, लाकडी फळ्यांची वाट, दोन्ही बाजूंना घरं आणि दारातच देव्हारा. लोक आजही तिथे राहतात, तेव्हा कुणाच्या खिडकीत कॅमेरा घालू नका. २००८ मध्ये मलाक्का आणि जॉर्जटाउन दोघांची मिळून जागतिक वारसा यादीत नोंद झाली. इथे सहलीच्या बसमध्ये बसणं म्हणजे दिवस वाया घालवणं. सकाळी लवकर उतरा, ऊन चढलं की जहाजावर परत या, आणि चारनंतर पुन्हा बाहेर पडा. धक्का जवळ असल्याचा खरा फायदा हाच.

दुसरं नागासाकी. मात्सुगाए धक्क्यावरून ओउरा चर्च आणि ग्लव्हर गार्डन चालत गाठता येतात आणि ट्रामचा थांबाही हाकेच्या अंतरावर आहे. ट्रामनं आधी देजिमाला जा. समुद्रात भर टाकून केलेलं हे पंख्याच्या आकाराचं बेट. १६४१ पासून दोनशेहून अधिक वर्षं जपानमध्ये युरोपच्या व्यापाराला एवढंच दार उघडं होतं, आणि त्या दाराशी फक्त डच. आता चहूकडची भर इतकी वाढली आहे की बेट शहराच्या पोटात गेलंय, तरी त्याची कड ओळखू येते. मग ट्रामनं उत्तरेला, जिथे ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी अणुबॉम्ब फुटला. संग्रहालयात त्या वेळेला थांबलेलं भिंतीवरचं घड्याळ आहे. त्यानंतर त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

कोबेला टर्मिनलवरूनच पोर्ट लायनर ही शहरी गाडी मिळते आणि काही मिनिटांत सान्नोमिया स्टेशन येतं. तिथून जलद गाडीनं क्योतो तासाभरात. पण कोबेतच थांबलात तर मेरिकेन पार्कमध्ये १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात मोडलेल्या धक्क्याचा एक तुकडा जसाच्या तसा ठेवलाय. कलंडलेले दिवे, पाण्यात उतरलेले दगड. बंदरातून आलेल्या माणसानं तो पाहायलाच हवा.

कीलुंगला रेल्वे स्टेशन धक्क्यासमोरच आहे आणि तैपेई तासाच्या आत येतं. छत्री मात्र घ्या, त्या गावाला तैवानमध्ये 'पावसाचं बंदर' म्हणतात. कोलंबोत बंदराच्या फाटकाबाहेर पेटाचा बाजार आणि लाल-पांढऱ्या विटांची जामी उल-अल्फार मशीद आहे. मस्कतला मुत्राह भागातला सूक, म्हणजे जुना बाजार, बंदराच्या कडेलाच भरतो. कोचीत जहाज विलिंग्डन बेटाला लागतं. बंदर खोल करताना उपसलेल्या गाळाचं हे बेट माणसानंच घडवलं. तिथून फोर्ट कोचीच्या चिनी जाळ्यांपर्यंत रिक्षा करा किंवा बोटीनं पलीकडे जा. मी बोट घेईन.

सिंगापूर आणि हाँगकाँगला दोन-दोन टर्मिनल आहेत म्हणे?

हो, आणि टॅक्सीवाल्याला फक्त 'क्रूझ टर्मिनल' म्हणालात तर चुकीच्या धक्क्यावर पोहोचाल.

सिंगापूरला एक मरिना बे क्रूझ सेंटर, २०१२ मध्ये सुरू झालेलं. जवळचं मेट्रो स्टेशन मरिना साउथ पिअर. दुसरं हार्बरफ्रंटला, तिथे स्टेशन इमारतीखालीच आहे. हाँगकाँगला मोठी जहाजं बहुधा काई ताकला लागतात. जुन्या विमानतळाची समुद्रात गेलेली धावपट्टी होती, तो विमानतळ १९९८ मध्ये बंद झाला आणि २०१३ मध्ये त्याच पट्टीच्या टोकाला क्रूझ टर्मिनल उघडलं. जागा भव्य आहे, पण तिथून मेट्रो चालत जाण्याजोगी नाही, बस किंवा टॅक्सी लागते. नशीब चांगलं असेल तर जहाज चिम शा चोईच्या ओशन टर्मिनलला लागतं. तिथून पाच मिनिटांवर स्टार फेरी, आणि १८८८ पासून चालत आलेली ती बोटसेवा खाडीपलीकडच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी सोडते.

उतरताना धक्क्याच्या पाटीचा फोटो काढून ठेवा, तिथल्या लिपीतला. चीन, जपान, तैवान, कोरियात चालकाला तो फोटो दाखवला की बोलावंच लागत नाही.

जहाजाची सहल घ्यावी की आपलं आपण फिरावं?

बंदर शहरातच असेल तर आपलं आपण. एका बाजूला दीड तासापेक्षा जास्त रस्ता असेल तर जहाजाची सहल. कारण एकच: जहाजानं नेलेली बस उशिरा आली तर जहाज तिच्यासाठी थांबतं, किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. तुम्ही ठरवलेल्या गाडीसाठी कोणी थांबत नाही. चार-सहा जणांनी मिळून स्थानिक गाडी करणं हा मधला मार्ग चांगला आहे. फक्त चालकाला सुटण्याची नाही, परतीची वेळ सांगा, आणि तीही तासभर अलीकडची.

मलेशिया, सिंगापूर, थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया, फिलिपिन्स या सगळ्या देशांत ग्रॅब ही ॲपवरून बोलवायची टॅक्सी चालते. बऱ्याच बंदरांत ती गाडी आत येऊ शकत नाही, फाटकापर्यंत चालत किंवा शटलनं जावं लागतं.

जहाज चुकलं तर?

धक्क्यावरच्या बंदर एजंटाला गाठा. त्याचं नाव आणि फोन रोज केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकावर छापलेला असतो. ते पत्रक खाली उतरताना खिशात असलंच पाहिजे, निदान त्याचा फोटो तरी. तुम्ही आला नाहीत असं दिसलं की जहाजावरचे लोक बहुधा केबिनमधल्या तिजोरीतून किंवा जहाजाच्या कार्यालयातून पासपोर्ट काढून एजंटाकडे देतात. पुढच्या बंदरापर्यंत विमानानं जायचं, आणि खर्च आपला. इथेच व्हिसाचा प्रश्न उभा राहतो, कारण समुद्रमार्गे येणाऱ्या प्रवाशांना मिळणारी सवलत विमानतळावर लागू होईलच असं नाही.

घड्याळाचा एवढा बाऊ का करतात?

कारण जहाजं चुकतात ती वाहतुकीपेक्षा घड्याळामुळे. कोची-कोलंबोची वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, थायलंड आणि व्हिएतनाम सात, मलेशिया, सिंगापूर, हाँगकाँग, चीन, तैवान आठ, जपान आणि कोरिया नऊ. सिंगापूरहून व्हिएतनामला आणि तिथून हाँगकाँगला जाताना घड्याळ एकदा मागे, एकदा पुढे. मुक्काम छोटा असेल तर कप्तान जहाजाची वेळ बदलतच नाही. पण तुमचा मोबाइल किनाऱ्याचं नेटवर्क पकडतो आणि न विचारता स्वतःची वेळ बदलतो. मोबाइलवर चार वाजलेले दिसतात आणि जहाजावर पाच झालेले असतात. उपाय जुना आणि साधा: मनगटावर काट्याचं घड्याळ बांधा, ते जहाजाच्या वेळेवर ठेवा, आणि परतताना फक्त त्यालाच माना.

प्रत्येक देशाचा व्हिसा लागतो का? मी खाली उतरणारच नसेन तर?

ते तुमच्या पासपोर्टवर अवलंबून आहे, आणि नियम बदलत राहतात, तेव्हा क्रूझ कंपनी आणि त्या-त्या देशाचं अधिकृत संकेतस्थळ दोन्ही तपासा. काही देशांत कंपनी सगळ्या प्रवाशांसाठी एकत्र परवाना काढते, काही ठिकाणी तुमचा तुम्ही काढायचा. खाली उतरणार नसलात तरी व्हिसा लागतो असं काही बंदरांबाबत असतं, आणि तो नसेल तर पहिल्याच धक्क्यावर तुम्हाला जहाजावर चढू देत नाहीत.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते प्रवेशांच्या संख्येत. योकोहामा, मग बुसान, मग नागासाकी असा मार्ग असेल तर तुम्ही जपानमध्ये दोनदा शिरता. एकाच प्रवेशाचा व्हिसा बुसानला जहाज सुटताच संपलेला असतो. शांघायहून हाँगकाँग आणि पुन्हा चीनचं एखादं बंदर असेल तरीही तेच, कारण हाँगकाँगला जाणं हे चीनच्या मुख्य भूमीबाहेर जाणं धरतात. मार्ग कागदावर लिहा, प्रत्येक देशात किती वेळा पाऊल पडतं ते मोजा आणि तेवढ्या प्रवेशांचा व्हिसा मागा. बऱ्याच देशांचं आगमन-पत्रकही हल्ली ऑनलाइन, काही दिवस आधी भरायचं असतं.

पासपोर्ट बरोबर घेऊन फिरायचं का?

बंदरागणिक वेगळं असतं. आशियातल्या लांब प्रवासात सगळ्यांचे पासपोर्ट बहुधा जहाजाच्या कार्यालयात गोळा करतात, म्हणजे प्रत्येक बंदरात शिक्के एकगठ्ठा होतात. तेव्हा रंगीत छायाप्रत आणि जहाजाचं कार्ड पुरतं. जपानमध्ये मात्र परदेशी पाहुण्यानं पासपोर्ट जवळ बाळगणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि पहिल्या जपानी बंदरात बहुतेक परदेशी प्रवाशांच्या बोटांचे ठसे घेतले जातात. दोन हजार प्रवाशांची ती रांग सकाळ खाऊन टाकते. त्या दिवशी दुपारआधीचं काही ठरवू नका.

'टेंडर पोर्ट' म्हणजे काय?

जहाज धक्क्याला न लागता बाहेर नांगर टाकतं आणि लहान बोटींनी लोकांना किनाऱ्यावर नेतात. मलाक्का, कोमोडो, फुकेतचा पातोंग किनारा ही नेहमीची नावं. बोटीत चढताना खालचं पाणी वर-खाली होत असतं, म्हणून हात मोकळे ठेवा आणि खलाशाला मनगट धरू द्या, बोटं नाही. गुडघे दुखत असतील तर आधी चौकशी करा. लाट मोठी असेल तर चाकाची खुर्ची बोटीत घेत नाहीत, आणि वारा वाढला तर अख्खं बंदरच रद्द होतं.

कोणत्या महिन्यांत जावं?

सगळ्या आशियाला एकच हंगाम लागू होत नाही. भारताचा पश्चिम किनारा, श्रीलंका, थायलंड, दक्षिण व्हिएतनाम आणि सिंगापूर यांच्यासाठी नोव्हेंबर ते मार्च बरे. सिंगापूरला पाऊस मात्र तेव्हाच जास्त असतो, आणि तो एरवीही कधीही येतो. मध्य व्हिएतनामचा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जोरात असतो. हा लाँगला फेब्रुवारी-मार्चमध्ये धुकं आणि झिमझिम असते, बेटं करड्या पडद्याआडून दिसतात. ज्यांना लख्ख फोटो हवेत ते खट्टू होतात, मला ती खाडी तशीच आवडते. जपान-कोरियासाठी मार्चअखेर ते मे, किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. जुलै ते ऑक्टोबर हा टायफूनचा भर.

सण वेळापत्रकाशी ताडून बघा. चिनी नववर्षाच्या पहिल्या एक-दोन दिवसांत हाँगकाँग-सिंगापूरची अनेक दुकानं बंद असतात, व्हिएतनाममध्ये तेतला, म्हणजे तिथल्या नववर्षाला, तेच. १३ ते १५ एप्रिलला थायलंडमध्ये सोंगक्रान, म्हणजे रस्त्यावर सगळे भिजलेले. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि खुशाल भिजा. श्रीलंकेत दर पौर्णिमेला पोयाची सुट्टी असते. बालीत न्येपीच्या दिवशी चोवीस तास कोणी घराबाहेर पडत नाही, विमानतळसुद्धा बंद असतो.

टायफून आला, बंदर रद्द झालं. पैसे परत मिळतात का?

बंदर शुल्क आणि जहाजामार्फत घेतलेली सहल यांचे पैसे साधारणपणे परत येतात, तिकिटाचे नाही. मार्ग बदलण्याचा हक्क करारात कंपनीकडे असतो आणि कप्तानाचा शब्द शेवटचा. हाँगकाँगमध्ये ८ नंबरचा वादळी इशारा लागला की फेरीबोटी थांबतात, कचेऱ्या बंद होतात, बंदराचं कामही थांबतं. इंचॉनला वादळ नसतानाही समुद्राचं ऐकावं लागतं. तिथे भरती आणि ओहोटीतला फरक ९ मीटरच्या आसपास जातो. एकाच शहरासाठी अख्खी क्रूझ घेऊ नका, आणि बाहेरच्या एजन्सीची सहल घेताना 'जहाज आलं नाही तर पूर्ण पैसे परत' हे लिहून घ्या.

पैसे कोणते आणि किती न्यावेत?

सिंगापूर, हाँगकाँग, कोरियात कार्डावर बहुतेक सगळं भागतं. जपानमध्ये ट्राम, छोटी खानावळ, देवळाचं तिकीट यांसाठी रोख येन हवेत, आणि सुटी नाणी सांभाळायला एक छोटी पर्स. चीनमध्ये मोबाइलवरून पैसे देण्याची इतकी सवय झालीय की नोट पुढे केली तर सुटे मिळायची पंचाईत. निघण्यापूर्वी अलीपे किंवा वीचॅटला आपलं कार्ड जोडून ठेवा.

व्हिएतनामी डाँगबद्दल मुद्दाम सांगते. २०,००० आणि ५,००,००० या दोन्ही नोटा निळसर आहेत, घाईत एकसारख्याच दिसतात आणि किमतीत पंचवीस पटींचा फरक. मोठ्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा, आणि देताना शून्यं मोठ्यानं मोजा, कोणी हसत नाही.

शाकाहारी माणसाचं खाली उतरल्यावर काय होतं?

सिंगापूर आणि पेनांगमध्ये लिटल इंडिया आहे, तिथे प्रश्नच नाही. थायलंडमध्ये 'जे' हा शब्द शोधा, पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात असतो. त्यात मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नसतो. व्हिएतनामी भाषेत शाकाहाराला 'चाय' म्हणतात. आपल्याला चहा ऐकू येतो, पण त्या पाटीखाली टोफू, भाज्या आणि शेवयांचं गरम जेवण मिळतं. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक बौद्ध घरांत हेच जेवण असतं, त्या दिवशी निवड वाढते. चिनी पाट्यांवर 素 हे अक्षर लक्षात ठेवा.

अवघड जातं ते जपान. नुसत्या भाजीच्या रश्शातही माशाचा 'दाशी' असतो, आणि वाढणाऱ्याला त्यात मासा आहे असं वाटतच नाही, कारण तो दिसत नाही. 'मांस नको' म्हणून भागत नाही, 'माशाचा रस्साही नको' हे जपानीत लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवा. व्हिएतनाम-थायलंडमध्ये तीच गोष्ट माशाच्या सॉसची. आणि काहीच जमलं नाही तर धक्का जवळ असलेल्या बंदरात जेवायला जहाजावर परत येण्यात कमीपणा नाही.

आपलंच खाणं डब्यात घेऊन उतरलं तर?

नको. फळं, सँडविच, मांसाचे पदार्थ जहाजावरून खाली न्यायला अनेक देशांत मनाई आहे. तैवानमध्ये डुकराच्या मांसाच्या पदार्थांवर जबर दंड आहे, जपानमध्ये धक्क्यावर तपासणीचे कुत्रे असतात. पाणी आणि बंद पाकिटातली बिस्किटं चालून जातात. सिंगापूरमध्ये च्युइंगम आणि ई-सिगारेट नको, थायलंडमध्येही ई-सिगारेट नको.

औषधांचं जास्त गंभीर आहे. सर्दीच्या काही साध्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, आणि ठरावीक प्रमाणावर असेल तर जपानमध्ये ते निषिद्ध आहे. कोडीन असलेली खोकल्याची औषधंही अडचणीची. आपली औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह ठेवा, आणि ज्या दिवशी लागणार नाहीत त्या दिवशी केबिनमध्येच राहू द्या.

फोन आणि नकाशा?

जहाज किनाऱ्यापासून दूर गेलं की फोन जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडतो आणि बिल डोळे पांढरे करतं. गँगवे चढतानाच विमान मोड लावा. अनेक देशांत चालणारी एकच ई-सिम सोयीची पडते. चीनमध्ये गूगलचं सहसा काही चालत नाही, तिथला नकाशा आणि भाषांतराचं साधन आधीच्या बंदरातच फोनवर उतरवून ठेवा.

कपडे?

देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले, बँकॉकच्या राजवाड्यात तर सक्तीनं. श्रीलंकेत बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, आणि बुद्धाचं गोंदण अंगावर असेल तर झाका. उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी चालायचं असतं, पिशवीत मोजे असू द्या.

आई-वडील पंचाहत्तरीचे आहेत. त्यांना झेपेल का?

समुद्र झेपतो, ऊन झेपत नाही. सिंगापूर, पेनांग, बँकॉकची दमट हवा तरण्यांनाही अकरापर्यंत थकवते. त्यांच्यासाठी धक्का शहरात असलेला मार्ग निवडा, सकाळचे दोन तास बाहेर आणि मग परत. जपान, सिंगापूर, हाँगकाँगच्या बहुतेक स्टेशनांत लिफ्ट असतात. जुन्या जॉर्जटाउनच्या कमानीखालच्या पायवाटा दर दुकानापाशी उंच-सखल होतात आणि कोलंबोतल्या पेटाच्या गर्दीत चाकाची खुर्ची नेणं कठीण. देवळाजवळच्या माकडांपासून लांब राहायला सांगा, हातातला चष्मासुद्धा ते ओढतात.

रोज उतरायलाच हवं का? एवढे पैसे भरलेत.

नाही. पहिल्या दोन आठवड्यांत सगळेच प्रत्येक बंदरात सकाळपासून संध्याकाळपर्यंत फिरतात. तिसऱ्या आठवड्यात देवळं एकमेकांत मिसळायला लागतात, कोणता बाजार कुठला ते आठवत नाही. सलग तीन बंदरं आली तर मधलं हलकं ठेवा. धक्क्याजवळच्या बाकावर बसा. मासे उतरवणारे, दोर ओढणारे, शाळेतून घरी जाणारी मुलं बघा. बुसानला मी एकदा दिवसभर जागालची मासळी बाजारापलीकडे गेलेच नाही. रबरी बूट घातलेल्या कोळणी ऑक्टोपस तोलत, भांडत, हसत होत्या, आणि त्या पूर्ण प्रवासातलं सगळ्यात स्पष्ट मला तेच आठवतं.

रोज चार ओळी लिहा: बंदर, हवा, काय खाल्लं, कोण भेटलं. फोटो हजार निघतात, पण हाँगकाँगचा पाऊस आणि कीलुंगचा पाऊस वेगळा ओळखायला त्या चार ओळीच लागतात.

बंदरात शिरताना पहाटे उठून डेकवर जाणं खरंच आवश्यक आहे का?

माझ्या मते धक्क्यावरच्या कुठल्याही सहलीपेक्षा ते महत्त्वाचं. ही शहरं समुद्राकडून येणाऱ्यांसाठीच वसली होती, विमानानं येणाऱ्याला त्यांची पाठ दिसते. जहाज लागण्याच्या दोन तास आधी उठा. जहाजाला बंदरात वाट दाखवणाऱ्या पायलटची छोटी बोट बाजूला येते, दोरीच्या शिडीवरून तो वर चढतो आणि जहाजाचा वेग उतरतो.

सिंगापूरच्या सामुद्रधुनीत अंधारातच डेकवर जा. नांगर टाकून थांबलेल्या शेकडो जहाजांचे दिवे दिसतात, जणू पाण्यावर दुसरं शहर. हाँगकाँगला पूर्वेकडून येताना ले यू मुनच्या चिंचोळ्या तोंडातून जहाज आत शिरतं आणि इमारती एकदम दोन्ही बाजूंना उभ्या राहतात. फू मीला जाताना खारफुटीमधून नदी वळत राहते आणि एवढं मोठं जहाज तिथे कसं मावतं, हा प्रश्न पडतो.

नागासाकीला डाव्या बाजूच्या कठड्याशी जागा पकडा. मेगामी पूल डोक्यावरून जातो, मग डोंगरांच्या मधली अरुंद खाडी, आणि जहाजबांधणीच्या आवारात १९०९ सालची हिरवट क्रेन अजून उभी दिसते. समोर डोंगरउतारावर घरं एकावर एक चढलेली असतात. जपानी बंदरांत निघतानाही वर थांबा. अनेकदा धक्क्यावर शाळेचा बँड असतो, ढोल असतात, आणि जहाज वळेपर्यंत लोक हात हलवत राहतात. तेव्हा जेवणाची वेळ असते, तरी जेवण थोडं उशिरा करा.